'करमत नाही'ला किती मार्क?

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक गुगल फॉर्म येऊन पडतो. पाठवणारी मुलं अकरावी-बारावीतली, कुणाची तरी लेक, कुणाचा तरी भाचा. विषय बहुधा 'परदेशातल्या ज्येष्ठांचं मानसिक आरोग्य' किंवा त्याच्या जवळपासचा. 'काका, काकू, फक्त पाच मिनिटं लागतील, प्लीज आजी-आजोबांकडून भरून घ्या ना!' कॉलेजच्या अर्जात थोडं संशोधन दिसलेलं बरं असतं हे इथल्या प्रत्येक आईबापाला पाठ आहे, त्यामुळे आपणही कौतुकानं भरतो. वर इंग्रजी प्रश्न, खाली मशीननं करून दिलेलं मराठी. शेवटी बेरीज आणि बेरजेवरून निष्कर्ष.

पोरांवर माझा अजिबात राग नाही. निदान ती आजी-आजोबांचा विचार तरी करतायत. पण मी पुण्यात मानसशास्त्र शिकले, काही वर्षं चाचण्यांच्या आकडेमोडीचंच काम केलं, आणि गेली अठरा वर्षं सांता क्लारात राहते. त्यामुळे असा फॉर्म दिसला की मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की ही मोजपट्टी कुणी तपासून पाहिली आहे का? भाजीवाल्याच्या काट्यावर वजन-मापं खात्याचा शिक्का असावा लागतो. माणसाच्या मनाचं माप घेणारा कागद मात्र आपण शिक्क्याशिवाय चालवून घेतो. छापील आहे, नंबर येतोय, म्हणजे खराच असणार!

हे शाळेच्या प्रोजेक्टपुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण असाच कागद आता डॉक्टरांकडेही हातात येतो. तुमची आई ग्रीन कार्डावर इथं आली असेल, तिचा इन्शुरन्स झाला असेल, तर तपासणीला गेल्यावर रक्तदाबाच्या आधी एक फॉर्म भरायला मिळतो. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण, नऊ प्रश्न, एकूण सत्तावीस. हा पीएचक्यू-९. तो २००१ साली अमेरिकेतल्या सुमारे सहा हजार रुग्णांवर तपासून प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरला जातो. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टरांनी नैराश्याचा विचार करायचा, असा साधारण संकेत आहे. चांगलं साधन आहे, फुकट आहे, छोटं आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही. ते साधन आमच्या आजीच्या हातात पडतं तेव्हा काय होतं, त्याच्याशी आहे.

पहिलाच प्रश्न घ्या. कामं करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं? एका काकूंना मी हा प्रश्न वाचून दाखवला. वय चौऱ्याहत्तर, साताऱ्याकडच्या, मुलाकडे राहतात. त्या म्हणाल्या, ''अगं कामं कुठली? इथं मला कुणी कामच करू देत नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, सून म्हणते आई तुम्ही बसा.'' मग उत्तर काय लिहायचं? शून्य की तीन? काकूंना प्रश्न कळला होता, उत्तरही अगदी खरं होतं. फक्त प्रश्न विचारणाऱ्याला जे मोजायचं होतं, ते त्या उत्तरात नव्हतं.

आणि मग त्या म्हणाल्या, ''नाही गं, बाकी सगळं चांगलं आहे. पण करमत नाही.''

हा शब्द इंग्रजीत कसा न्यायचा ते सांगा. कंटाळा नव्हे, दुःख नव्हे, एकटेपणा म्हणावा तर घरात पाच माणसं आहेत. नागपूरकडची बाई 'गमत नाही' म्हणेल, कुणी 'मन लागत नाही' म्हणेल. माहेरी गेलेली बायको दोन दिवस घरात नसली तरी करमत नाही, आणि चाळीस वर्षांचं घर, अंगण, शेजार मागे टाकून सॅन टोमास एक्सप्रेसवेच्या कडेच्या अपार्टमेंटमध्ये दिवस काढतानाही करमत नाही. एकात काळजीचं काही नाही, दुसऱ्यात कदाचित आहे. 'करमत नाही' ऐकल्यावर गुण द्यायचे की नाहीत, दिले तर किती, हे कुणीतरी बसून, माणसं तपासून ठरवायला हवं. दुभाष्यानं फोनवर अर्ध्या मिनिटात ठरवायची ही गोष्ट नाही. पण आज ते तसंच ठरतं.

नवव्या प्रश्नाची तर आणखी वेगळी गत. जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असे विचार येतात का, असं तो विचारतो. आपल्याकडची म्हातारी माणसं दिवसातून दोनदा म्हणतात, ''आता देवानं बोलावून घ्यावं.'' ती हे हसत म्हणतात, जपमाळ ओढत म्हणतात, नातवाला भरवतानाही म्हणतात. बहुतेक वेळा तो निव्वळ बोलण्याचा भाग असतो. पण कधीकधी नसतोही! तो फरक ओळखायला मराठी येणारं आणि अनुभवी माणूस लागतं. आणि होतं काय, की शेजारी मुलगा बसलेला असतो, तोच भाषांतर करत असतो. आठ प्रश्न विचारून होतात. नववा येतो तेव्हा तो डॉक्टरांना परस्पर सांगतो, 'नो, नो, शी इज फाइन.' त्याच्या जागी मी असते तरी आईला तो प्रश्न विचारायला माझी जीभ वळली नसती. आणि आईनं तरी लेकासमोर काय खरं सांगितलं असतं? खरं तर सरकारी पैसा घेणाऱ्या इथल्या दवाखान्यांना दुभाष्या मोफत द्यावा लागतो, आणि नातेवाइकांवर त्यांनी विसंबू नये असाच नियम आहे. आपण संकोचापायी 'नको, मी आहे ना' म्हणतो. नका म्हणू.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांकडे वळले तर हसावं की रडावं कळत नाही. सर्वांत प्रसिद्ध जी चाचणी आहे, एमएमएसई, ती १९७५ ची. तीस गुणांची. त्यातले दहा गुण 'तुम्ही आत्ता कुठं आहात, कुठला काळ आहे' एवढ्याला. त्यात एक प्रश्न असतो, सध्या कोणता ऋतू? आता सांता क्लाराचं हवामान आठवा. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, जो काही पाऊस पडतो तो नोव्हेंबर ते मार्च. जानेवारीत खिडकीबाहेर सर येते आहे आणि आजी म्हणतात, 'पावसाळा.' कागदावर उत्तर चूक. पण तिनं बाहेर बघून, डोकं चालवून दिलेलं उत्तर आहे ते! दुसरा प्रश्न, आपण कितव्या मजल्यावर आहोत? इथला 'सेकंड फ्लोअर' म्हणजे आपला पहिला मजला. आजी म्हणाल्या पहिला, गेला एक गुण. तिसरा, काउंटी कुठली? आमचं गाव सांता क्लारा, काउंटीही सांता क्लारा, तेव्हा इथं आजी नशिबानं पास. शेजारच्या सनीव्हेलमध्ये राहणाऱ्या आजी नापास. आणि इंग्रजी शब्दाची स्पेलिंग उलटी सांगायला लावतात, त्याचं मराठीत काय करायचं? 'पुस्तक' उलटं सांगा बरं. त्या 'स्त'चं काय करणार? जोडाक्षरात आमच्यासारख्या शिकलेल्यांचीही दांडी उडेल.

अशा दुसऱ्या एका चाचणीत मिनिटभरात 'एफ'पासून सुरू होणारे शब्द सांगायचे असतात. भाषांतर करणाऱ्यानं 'एफ'चा सरळ 'फ' केला, तर फणस, फळ, फूल, फराळ झाल्यावर गाडी अडते. मराठीत 'फ'चे शब्द मोजकेच, 'क' आणि 'प'चे ढिगानं. म्हणजे अक्षर बदललं की माणसाचा मेंदू सुधारला किंवा बिघडला, असं कागद सांगणार!

यावर उपाय नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढला १९९० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून हेच काम केलं होतं. तिथले म्हातारे बहुतांश निरक्षर. मूळ चाचणीत 'डोळे मिटा' असं लिहिलेलं वाचून तसं करायचं असतं. त्यांनी म्हटलं, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. एक वाक्य लिहायचं असतं, त्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा.' स्पेलिंगऐवजी आठवड्याचे वार उलटे. भाषा बदलताना प्रश्नच बदलला, पण जे तपासायचं ते तेच ठेवलं. मग ते शेकडो माणसांवर वापरून पाहिलं आणि १९९५ साली ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. पुढे आयसीएमआरनं स्मृतिभ्रंशासाठी भारतीय भाषांमधला चाचणीसंच तयार केला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. दोष कुणाला द्यायचा? ज्या केंद्रांनी काम अंगावर घेतलं, त्यांच्या भाषा आल्या.

आता जरा इथल्या मातीचा इतिहास सांगते. सिलिकॉन व्हॅली म्हटलं की आपल्याला चिप आठवते, पण माणसाची बुद्धी मोजण्याचा धंदाही याच खोऱ्यात मोठा झाला, हे आपल्यातल्या फार जणांना ठाऊक नसतं. पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये मुलांसाठी चाचणी तयार केली. तिची अमेरिकन आवृत्ती १९१६ साली काढली ती स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी, म्हणून ती स्टॅनफर्ड-बिने. आपल्या सांता क्लारा काउंटीतच बसून त्यांनी जवळपास हजार मुलांवर तिची मापं बसवली. ती मुलं अमेरिकेत जन्मलेली, मध्यम परिस्थितीतली होती. माप घेतलं त्यांचं, आणि लावलं मग सगळ्यांना.

तेव्हा इथं कंपन्या नव्हत्या, प्रुन्स आणि जर्दाळूच्या बागा होत्या. त्या बागांत राबणारी माणसं इटालियन, पोर्तुगीज, मेक्सिकन. त्यांची मुलं सॅन होजेच्या आसपासच्या शाळांत जायची. स्टॅनफर्डच्याच किम्बॉल यंग यांनी त्या मुलांना बुद्धिमत्ता चाचण्या दिल्या आणि १९२२ मध्ये निष्कर्ष छापला. मुलांचे गुण कमी येतात ते भाषेपेक्षा उपजत बुद्धी कमी असल्यामुळे, असा त्याचा रोख होता. शाळांनी या मुलांना काय शिकवावं, याचे सल्लेही त्यावरून निघाले. घरी इटालियन बोलणाऱ्या पोराच्या हातात इंग्रजी वातावरणात घडलेली मोजपट्टी, आणि पट्टीची चूक पोराच्या माथी! आज त्याच जागी आपली मुलं गिफ्टेड प्रोग्रॅमच्या परीक्षेला बसतात, आणि आपण पुस्तकं आणून तयारी करून घेतो. शंभर वर्षांपूर्वी आलो असतो तर आपणही त्या बागांतच असतो.

या पट्टीचा एक गमतीदार किस्सा इथले जुने लोक सांगतात. टर्मननी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली अतिहुशार मुलं शोधून त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायचं ठरवलं. सुमारे दीड हजार मुलं निवडली गेली. विल्यम शॉकली नावाच्या मुलाचीही चाचणी झाली, पण निवड झाली नाही. या शॉकलींना १९५६ साली ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी माउंटन व्ह्यूमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथून फुटून निघालेल्या आठ जणांनी फेअरचाइल्ड काढली, त्यातल्याच दोघांनी पुढे इंटेल. आपल्यातले निम्मे लोक इथं का आहेत, त्याची मुळं या न निवडलेल्या मुलापर्यंत जातात. (हेच शॉकली म्हातारपणी आयक्यूच्या आकड्यांवरून कृष्णवर्णीयांना कमी लेखत फिरले. काही माणसांना अनुभवही काही शिकवत नाही.) उलट ली क्रॉनबॅक नावाचा फ्रेस्नोचा मुलगा निवडला गेला. त्यांनी मोठेपणी काय केलं? चाचणीचे प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का हे सांगणारा 'क्रॉनबॅक अल्फा' १९५१ मध्ये दिला, १९५५ मध्ये पॉल मील यांच्यासोबत 'चाचणी खरंच तेच मोजते कशावरून?' या प्रश्नाची मूळ मांडणी केली, आणि पुढे स्टॅनफर्डलाच शिकवलं.

चूक दुरुस्त व्हायलाही कोर्टात जावं लागलं. सॅन होजेहून साधारण दीड तासावर सोलेडाड गाव आहे. तिथल्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना इंग्रजीत चाचणी घेऊन 'मतिमंद' ठरवलं होतं आणि वेगळ्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमध्ये चाचणी घेतली तेव्हा बहुतेक मुलं त्या रेषेच्या वर गेली. डायना नावानं ओळखला जाणारा हा खटला १९७० मध्ये तडजोडीनं मिटला, आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घ्यायची, हे कॅलिफोर्नियाला मान्य करावं लागलं. १९२२ ते १९७०. मधल्या काळात किती पोरांची शाळा हुकली असेल, त्याचा हिशेब नाही.

गंमत बघा, इकडे हे चाललं असताना तिकडे धारवाडला व्ही. व्ही. कामत नावाचे शिक्षणतज्ज्ञ हीच स्टॅनफर्डची चाचणी घेऊन बसले होते. तेव्हाचा मुंबई इलाखा, मराठी आणि कानडी दोन्ही घराघरांत. कामतांनी नुसतं भाषांतर केलं नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले करायचे, मग मुलांवर वापरून बघायचे, कुठल्या वयाच्या मुलाला कुठला प्रश्न जमतो ते मोजायचं आणि त्याप्रमाणे क्रम नव्यानं लावायचा. १९३० च्या दशकात एक हजाराहून जास्त मुलांवर हे काम झालं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्डनं छापलं. 'बिने-कामत' ही चाचणी पुढे कित्येक दशकं भारतभरच्या दवाखान्यांत वापरली गेली. कॉम्प्युटर नाही, अनुदान बेताचं, आणि तरी मराठी मुलासाठी मराठी पट्टी! आमच्या पिढीला याचं नावही नीट माहीत नसतं. चाचण्यांच्या मापांनाही वय असतं, पिढ्या बदलल्या की ती शिळी होतात, त्यामुळे कामतांची मापं आज जशीच्या तशी लावणं बरोबर नाही. पण पद्धत? ती आजही तशीच आहे.

ती पद्धत थोडक्यात सांगते, कारण गुगल फॉर्मवाल्या पोरांनी ही वाचावी अशी माझी फार इच्छा आहे. आधी दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं. मग ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशा तिसऱ्यानं ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचं. बरेच जण इथंच थांबतात आणि म्हणतात जुळलं! अहो, 'फीलिंग डाउन'चं 'खाली वाटणे' केलं, तर उलट भाषांतर अगदी तंतोतंत 'फीलिंग डाउन' येतं. जुळलं ना? पण 'खाली वाटणे' हे मराठी कुठल्या गावचं? म्हणून तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पाच-दहा आजी-आजोबांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तराऐवजी विचारायचं, ''तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?'' साताऱ्याच्या काकूंचं 'कामं कुठली' तिथंच सापडतं. त्यानंतर बऱ्याच माणसांवर वापर. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तर साधारण तेच येतं का, ते बघायचं. आणि शेवटी, ज्याला फॉर्मचे गुण माहीत नाहीत अशा मराठी बोलणाऱ्या डॉक्टरनं त्याच माणसांची सविस्तर मुलाखत घ्यायची. फॉर्मनं कुणाला पकडलं, कुणाला सोडलं, कुणाला उगाच घाबरवलं, हे तेव्हा कळतं. मग ठरतं की आपल्या माणसांसाठी रेघ दहावर ओढायची की आणखी कुठं.

अल्फा चांगला आला म्हणजे काम झालं, हाही एक गैरसमज आहे. काटा रोज अर्धा किलो जास्त दाखवत असेल तर तो सुसंगतच असतो. खोटा असतो, पण सुसंगत असतो.

आपल्या शेजारी गोव्यात हे काम झालेलं आहे. मुंबईचे विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवर पाच प्रसिद्ध प्रश्नावल्या कोकणीतून एकमेकींशी ताडून पाहिल्या. कुठली प्रश्नावली किती माणसं बरोबर ओळखते ते सविस्तर मुलाखतीशी जुळवून पाहिलं, आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी पटेलांनी झिम्बाब्वेत तर उलट्या टोकापासून सुरुवात केली होती. परदेशी प्रश्नावली बाजूला ठेवून तिथल्या शोना भाषेतली माणसं आपल्या त्रासाला काय म्हणतात, ते गोळा केलं आणि त्यातून प्रश्न बनवले. त्यांचा एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. अर्थ, फार विचार करणं. वाचल्यावर मला हसू आलं. आपल्या प्रत्येक घरात एक तरी आई असते जिला सगळे म्हणतात, ''तू फार विचार करतेस बघ.'' तो शब्द आज अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तकात आहे. 'करमत नाही' नाही.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, 'एवढं कशाला? आमच्या आईला हिंदी येतं, थोडं इंग्रजीही येतं.' येतं ना. दुकानात भाव करण्यापुरतं येतं, टीव्हीवरच्या मालिकांपुरतं येतं. पण पोटातलं बोलायची भाषा एकच असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कागद कशाला हवा, चांगला डॉक्टर असेल तर बोलून ओळखेल. खरं आहे. पण तुमच्या आईचा डॉक्टर व्हिएतनामी किंवा अमेरिकन असणार, त्याच्याकडे पंधरा मिनिटं असणार, आणि त्या पंधरा मिनिटांत त्याच्या हातात एक आकडा असणार. तो आकडा कमी आला तर आईचं नैराश्य दोन वर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही. स्मरणशक्तीचा आकडा उगाच खाली आला, तर चांगल्या आजींच्या फाइलमध्ये एक शब्द चिकटेल आणि तो सहजी निघणार नाही. मला दोन्ही प्रकार माहीत आहेत. नावं सांगणार नाही.

आणि पीएचक्यू-९चं मराठी भाषांतर उपलब्ध आहे, हेही सांगते. पण भाषांतर असणं वेगळं, आणि ते आपल्याच आजी-आजोबांच्या परिस्थितीवर घासून पाहिलेलं असणं वेगळं. साताऱ्यात राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला चालणारा प्रश्न सांता क्लारात राहणाऱ्या तिच्याच बहिणीला चालेलच असं नाही. 'कामं कुठली' हे साताऱ्यातली बहीण म्हणाली नसती.

हे काम विद्यापीठांचं आहे, मान्य. पण विद्यापीठाला माणसं लागतात, आणि मराठी माणसं सर्वेक्षण म्हटलं की दार लावतात. दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा 'मसाला' हा मोठा अभ्यास २०१० पासून आपल्या बे एरियात आणि शिकागोत चालू आहे. पहिल्या फेरीत ९०६ जण होते. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? आपल्याकडे काय कमी आहे? २०२४ मध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, तेव्हा हजारो मराठी माणसं चार दिवस एका छताखाली होती. त्यात डॉक्टर होते, मानसशास्त्र शिकलेले होते, आकडेवारीत पोट भरणारे तर पैशाला पासरी होते. आणि भेळेच्या स्टॉलसमोर गप्पा मारत बसलेल्या आजी होत्या. ही सगळी माणसं एका खोलीत दोन तास बसली, तर तिसऱ्या पायरीचं काम तिथल्या तिथं होईल. मराठी शाळा चालवणाऱ्यांनीही विचार करावा. मोठ्या वर्गातल्या मुलांना फॉर्म भरून आणायला सांगण्यापेक्षा एकेका आजीशी बसून 'तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?' एवढंच विचारून आणायला सांगा. मुलांचं मराठी सुधारेल ते वेगळंच.

मी आणि दोन मैत्रिणींनी गेल्या हिवाळ्यापासून लहानशी सुरुवात केली आहे. संशोधन म्हणवण्याइतकं ते मोठं नाही, आणि आम्ही कुणाची बेरीज करत नाही. सेंट्रल पार्कमध्ये दुपारी फिरायला येणाऱ्या सात-आठ जणींसोबत आम्ही एकेक प्रश्न घेऊन बसतो. पहिल्या प्रश्नाचे आत्तापर्यंत चार मसुदे झाले. 'रस वाटत नाही' यावर एकीनं विचारलं, उसाचा का? 'गोडी वाटत नाही' सगळ्यांना आवडलं, पण मधुमेहवाल्या दोघींनी ते जेवणाकडे नेलं. 'पूर्वी जे करताना बरं वाटायचं, ते आता करावंसं वाटत नाही' हे सध्या पुढे आहे. यावर साताऱ्याच्या काकू म्हणाल्या, ''पूर्वी म्हणजे कधी? तिकडे असताना की इकडे आल्यावर?'' प्रश्न इतका बरोबर आहे की गेले तीन आठवडे आम्ही तिथंच अडलोय.